मुरबाड-शहापूरच्या डोंगरातले निरंक अहवाल

सोमवार : कल्याण, मुरबाड, टोकावडे

साथरोग सर्वेक्षणाचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. त्याच हिशेबाने जुलैअखेरच्या एका सोमवारी सकाळी कल्याणहून माळशेजकडची एसटी धरली. शनिवार-रविवारी या रस्त्यावर धबधब्यांना निघालेल्या गाड्यांची रांग असते, त्यामुळे उपकेंद्रं बघायची तर मधले वारच बरे. मुरबाडपर्यंत भुरभुर होती. सरळगाव मागे पडलं आणि पाऊस जो लागला, तो गुरुवारपर्यंत उघडला नाही.

ठाणे जिल्हा म्हटलं की घोडबंदर नाहीतर डोंबिवली आठवते. 2014 साली पालघर वेगळा झाला तेव्हा जव्हार-मोखाड्याचा डोंगर तिकडे गेला, मुरबाड आणि शहापूर मात्र इकडेच राहिले. सह्याद्रीच्या कड्याखाली ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांचे पाडे विखुरलेले आहेत. सपाटीवर 5000 लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3000 ला एक, असा निकष आहे. कागदावर सवलत बरी दिसते. पण सपाटीवर 3000 माणसं दोन गावांत मावतात, इथे ती दहा-पंधरा पाड्यांत असतात आणि मधले दोन ओढे ऑगस्टपर्यंत ओलांडता येत नाहीत.

टोकावड्याच्या पुढे रस्त्यालगतच्या पहिल्या उपकेंद्रात शिरलो. पुढे तपासणीची खोली, मागे प्रसूतीची, दारावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ची नवी पाटी. इथली माणसं म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी (सगळे ‘सीएचओ मॅडम’च म्हणतात), आरोग्य सेविका म्हणजे सिस्टर, आरोग्य सेवक आणि पाड्यापाड्यावरच्या आशाताई. आजाराची खबर आशेच्या वहीतून सिस्टरकडे येते आणि सिस्टर ती एस फॉर्ममध्ये भरते. एस फॉर्म लक्षणांचा असतो. त्यात निदान लिहायचं नसतं. ताप सात दिवसांच्या आतला की जास्तीचा, तापासोबत पुरळ आहे का, रक्तस्राव आहे का, रोगी गुंगीत आहे का, जुलाब पाण्यासारखे की रक्ताचे, अंगातलं पाणी कमी झालंय का, कावीळ, पंधरा वर्षांखालच्या मुलाचा अचानक लुळा पडलेला हात-पाय. त्याच्या वरचा पी फॉर्म डॉक्टरांच्या संशयित निदानाचा, आणि एल फॉर्म प्रयोगशाळेच्या पक्क्या निकालाचा.

2004 पासून हे फॉर्म कागदावर, आठवड्याला एकदा जायचे. 2021 पासून आयएचआयपी या संगणकप्रणालीवर रोजच्या रोज, गाववार नोंद करायची आहे. रोगी नसेल तर निरंक भरायचं, कोरं सोडायचं नाही. नियम अगदी बरोबर आहे, कारण कोऱ्या रकान्यावरून काहीच कळत नाही. मेख अशी की निरंक दोन कारणांनी येतं. सगळे पाडे फिरून ताप सापडला नाही तरी निरंक, आणि पावसामुळे पाड्यावर पोचताच आलं नाही तरी निरंक. वरच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. जुलैत, लावणीच्या ऐन भरात, डोंगरातल्या उपकेंद्राचा ताप सलग आठवडाभर शून्य असेल तर तिथे आधी फोन करावा. ज्या उपकेंद्रातून तापाचे वीस रोगी आले ते उपकेंद्र चालू आहे, एवढं तरी समजतं.

जाणाऱ्यांसाठी : नोंदवह्या बघायच्या असतील तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आधी घ्या. रोग्यांची नावं असलेल्या पानांचे फोटो काढू नका, कुणी ‘काढा हो’ म्हणालं तरी.

मंगळवार : मोरोशीच्या वरचे पाडे

सकाळी सेवकदादांबरोबर गृहभेटींना निघालो. हिवताप सर्वेक्षणात दर पंधरवड्याला घर न् घर फिरायचं असतं. ताप आहे का, पंधरा दिवसांत येऊन गेला का, पाहुणा कुणी आलाय का, एवढं विचारायचं आणि तापाचा असेल त्याचं रक्त घ्यायचं. साडेदहाला पहिल्या पाड्यावर पोचलो तर घरांना कड्या. म्हातारी माणसं, कोंबड्या आणि रांगती पोरं तेवढी मागे, बाकी सगळा पाडा खाचरात. दादांनी वाट बदलली आणि बांधाबांधाने फिरायला लागले. चिखलात वाकलेल्या बायका मान वर न करता उत्तरं देत होत्या. एका बांधावर खोपटीत घोंगडी पांघरून एक पोरगा पडला होता. तीन दिवस थंडी वाजून ताप, पण घरी विचारलं असतं तर त्याची नोंद झालीच नसती. लावणीच्या दिवसांत गृहभेट पहाटे सातच्या आत नाहीतर संध्याकाळी दिवेलागणीला करावी लागते, आणि प्रवासभत्त्याच्या कागदावर ती वेळ कुणाच्या पचनी पडत नाही.

त्या पोराची चाचणी बांधावरच झाली. आरडी किटचं, म्हणजे हिवतापाच्या झटपट चाचणीचं, पाकीट शेवटच्या क्षणी फोडायचं, कारण पावसाळी दमट हवेत उघडी पट्टी लवकर बिघडते. आतली सिलिका जेलची पुडी रंग बदललेली असेल तर ती पट्टी टाकून दुसरी घ्यायची. बोटाचा पहिला थेंब पुसायचा, दुसऱ्यातून 5 मायक्रोलिटर, म्हणजे किटमधल्या नळीच्या खुणेपर्यंत, रक्त घ्यायचं. ते रक्ताच्या खिडकीत, द्रावणाचे थेंब दुसऱ्या खिडकीत आणि निकाल 15 ते 20 मिनिटांनी वाचायचा. घाईने पाच मिनिटांत वाचला तर अंधुक रेघ निसटते; तासाभराने वाचला तर नसलेली उमटल्यासारखी वाटते. नियंत्रणाची रेघ आली नाही तर चाचणीच बाद.

त्याच बोटातून काचपट्टीवर जाड आणि पातळ असे दोन थरही घेतले. पावसाळ्यात घोळ होतो तो इथे. जाड थर वाळायला वेळ लागतो आणि तोवर माशा-मुंग्या तो चाटून नेतात. शेकोटीजवळ धरून वाळवला तर रक्त काचेला भाजून बसतं आणि रंगवताना सुटत नाही. दादांच्या पिशवीत झाकणाचा सपाट डबा होता. पट्ट्या त्यात आडव्या, एकमेकींना न लागता ठेवलेल्या. व्हायवॅक्स (हिवतापाचा एक प्रकार) निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. गर्भवतीला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन द्यायचं नाही. तीन दिवसांत ताप उतरतो आणि गडी पुन्हा चिखलणीला जातो. उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या आशाताईंनी समोर उभं राहून गिळायला लावल्या नाहीत तर त्या कुडाच्या भिंतीत खोचलेल्या सापडतात, आणि काही महिन्यांनी तोच ताप उलटतो. त्या वेळी वहीत तो नवा रोगी म्हणून चढतो.

दुपारी पाड्यावरच्या एका घरी आग्रहाने बसवलं. तांदळाची भाकरी, कुर्डूची भाजी, मुठ्यांचं कालवण. ओढ्यातले काळे खेकडे पाट्यावर वाटून, त्याचं पाणी गाळून केलेलं कालवण कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही. बांबूच्या कोंबांची भाजीही होती. कोंब चिरून, उकळून, ते पाणी फेकून मगच फोडणीला टाकतात. ते पाणी वापरायचं नसतं हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. शेवळाचा हंगाम जूनमध्येच सरला म्हणून मावशींना चुटपुट लागली होती.

चिखलात दिवसभर उभं राहणाऱ्यांत लेप्टोस्पायरोसिसचीही शंका ठेवावी लागते. पायाला भेगा किंवा जखमा, ताप, पोटऱ्या दाबल्यावर दुखणं, डोळे लाल. हे सगळं एस फॉर्ममध्ये ‘सात दिवसांच्या आतला ताप’ याच खान्यात जातं. म्हणून चांगली सिस्टर शेजारी पेन्सिलीने ‘पोटऱ्या’ एवढं लिहून ठेवते, आणि डॉक्टरांच्या नजरेला तेच आधी पडतं.

जाणाऱ्यांसाठी : चामड्याचे बूट नकोत, प्लास्टिकचे पावसाळी बूट घ्या, ओढ्यात काठी टेकत चला. मोरोशीच्या वर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही. सिस्टर नोंदी कागदावर टिपतात आणि खाली रस्त्याला लागल्यावर भरतात. आठवडाभराच्या नोंदी शनिवारी एकदम चढल्या की आलेखात शनिवारी साथ आल्यासारखं दिसतं. रोगाची सुरुवात कधी झाली ती तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी लिहिली असेल तरच तो आलेख वाचण्यात अर्थ.

बुधवार : दोन पाड्यांची एक विहीर

एका पाड्यावर जुलाबाचे रोगी असल्याची कुजबुज होती. जुलाबाची धोक्याची खूण अशी की एका गावात दहापेक्षा जास्त घरांत जुलाब, किंवा पाच वर्षांवरच्या एका जरी माणसाचं अंगातलं पाणी फार कमी होणं किंवा दगावणं. पाड्याची नोंद बघितली तर सहा घरं. म्हणजे खुणेच्या आतच की. पण हा पाडा जिथलं पाणी भरतो ती विहीर ओढ्याच्या काठावर आहे आणि ओढ्यापलीकडचा पाडाही तीच विहीर वापरतो. पलीकडचा पाडा महसुली गाव वेगळं, ग्रामपंचायत वेगळी, उपकेंद्रही वेगळं. तिकडे पाच घरं. इकडे सहा, तिकडे पाच. दोन सिस्टर, दोन ओळी, आणि एकाही ओळीची घंटा वाजत नाही. पाणी मात्र एकच. गाववार नोंद सपाटीवर ठीक चालते, डोंगरात ती पाणवठ्याप्रमाणे लावायला हवी. दोन आशाताई एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या म्हणून हे जुळलं.

मग विहिरीचं शुद्धीकरण. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर ‘अंदाजे दोन मुठी’ टाकण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती सगळीकडे चुकीची आहे. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, 3.14 ने गुणा, चारने भागा, आणि आलेले घनमीटर हजाराने गुणून लिटर काढा. ही विहीर 3 मीटर व्यासाची, पाणी 2 मीटर, म्हणजे साधारण 14,130 लिटर. चांगली टीसीएल 1000 लिटरला 2.5 ग्रॅम लागते, म्हणून इथे 35 ग्रॅम. पाऊस पडून पाणी 4 मीटरवर गेलं की तीच मात्रा 70 ग्रॅम होते. म्हणून पावसाळ्यात खोली रोज मोजायची. त्यासाठी दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ आणि टोकाला दगड एवढं पुरतं.

‘चांगली’ टीसीएल म्हणजे क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेल्या पोत्यातली पावडर दमट हवेत आठवड्यांत उतरते. गोळे झाले, वास मंद झाला की ओळखावं. नमुना प्रयोगशाळेत 20 टक्क्यांखाली आला तर ते पोतं बाद. नेमकी 20 टक्के असेल तर 35 ऐवजी 58 ग्रॅम टाकावी लागते. शिवाय गढूळ पाणी क्लोरीन खातं, त्यामुळे लाल पाण्याला हिशेबाची मात्रा पुरेलच असं नाही.

बादलीत आधी थोड्या पाण्यात पावडरीची पातळ लापशी केली. बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेत नाहीत. मग पाऊण बादली पाणी, ढवळणं, आणि दहा मिनिटं थांबणं. चुना तळाशी बसला की वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि चुना लांब खड्ड्यात टाकायचा, विहिरीत नाही. निवळाची बादली दोरीने पाण्याच्या पातळीखाली सोडून वर-खाली, डावी-उजवी जोरात हलवायची. तासभर कुणी पाणी शेंदायचं नाही. हा तासच सगळ्यात अवघड, कारण हंडे घेऊन बायका उभ्याच असतात. म्हणून हे काम रात्री उशिरा करणं शहाणपणाचं.

तासानंतर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायची चाचणी. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, आणि पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत तबकडीशी ताडायचा. उशिरा वाचलं तर जोडलेलं क्लोरीनही रंग देतं आणि पाणी आहे त्याहून चांगलं दिसतं. तासाभराने मोकळं क्लोरीन लिटरला 0.5 मिलिग्रॅम मिळायला हवं. पहिल्यांदा रंग आलाच नाही; मात्रा निम्म्याने वाढवून पुन्हा केल्यावर फिकट पिवळा उमटला. नोंदवहीत मात्र ओटी ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शिक्का आहे, आकड्याला जागाच नाही.

विहिरीला कठडा होता, पण ओढ्याच्या बाजूने खचलेला. अशा पाणवठ्यांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. एप्रिलच्या कोरड्या पाहणीत हा कठडा कुणाच्याही नजरेतून सुटला असता. ओढ्याला पाणी आल्याशिवाय तो धोका दिसतच नाही.

जुलाबवाल्या घरांत ओआरएसची पाकिटं पोचली होती, पण अर्ध्या घरांत पाकीट एका तांब्यात कालवलेलं. 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटरला असतं. घट्ट पाणी पोराच्या पोटात जुलाब वाढवतं. आशाताईंनी उपाय शोधलाय. लिटरची पाण्याची रिकामी बाटली त्या प्रत्येक घरी नेऊन देतात आणि हंड्यातलं पाणी त्या बाटलीनेच मोजायला लावतात. लहान मुलांना सोबत झिंक, सहा महिन्यांवर 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी.

गुरुवार : किन्हवलीमार्गे डोळखांब

सरळगावहून किन्हवलीवरून डोळखांबला आलो. खड्डे सोडले तर रस्ता देखणा आहे, समोर आजोबाचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला. दुपारी पाऊस थांबला आणि कड्यावरचे ओहळ एकदम दिसायला लागले. नाक्यावर कांदाभजी आणि चहा.

या बाजूला विषय निघाला तो नमुन्यांचा. जुलाबाच्या साथीत कॉलऱ्यासाठी शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअर या जंतू टिकवून धरणाऱ्या माध्यमात घ्यायचा असतो, आणि तोही प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्याआधी. प्रत्यक्षात गोळी आधी पडते, कारण माणूस वाचवायचा असतो, आणि नमुना दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचं पथक आल्यावर घेतला जातो. मग अहवालात जंतू सापडत नाहीत आणि साथ ‘कारण अज्ञात’ म्हणून मिटते. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, कपाटात माध्यमाच्या दोन-चार नळ्या मुदत बघून ठेवल्या तर निम्मा प्रश्न सुटतो. ही नळी साध्या तापमानाला राहते, तिला बर्फाची गरज नाही.

रक्ताचं उलट. डेंगीसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 आणि त्यानंतर आयजीएम या चाचण्या बघतात, त्यासाठी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं निवळ पाणी, लागतं. रक्त नळीत अर्धा तास स्थिर ठेवून गोठू द्यायचं, सिरम वेगळं करायचं, मग थंड पेटीत. घाईत अख्खं रक्तच बर्फाच्या पाकिटाला चिकटवून, डोळखांबच्या खड्ड्यांतून दुचाकीच्या डिकीत पाठवलं की पेशी फुटतात, सिरम लाल होतं आणि प्रयोगशाळा नमुना परत करते. सिस्टरला वाटतं काम झालं. परत आल्याची बातमी तिच्यापर्यंत येतच नाही.

लुळेपणाच्या रोग्याला मात्र सगळी यंत्रणा खडबडून उठते, कारण तिथे एकच रोगी पुरेसा असतो. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने, थंड साखळीत. पोलिओची ही शिस्त इतक्या वर्षांनीही पक्की आहे. तीच शिस्त काविळीला का नसावी? दोनपेक्षा जास्त घरांत कावीळ आली की खूण उमटते, पण काविळीचा माणूस आधी झाडपाल्याकडे जातो आणि उपकेंद्राला कळेपर्यंत पंधरा दिवस उलटलेले असतात. इथल्या एका आशाताई औषध देणाऱ्या म्हाताऱ्या वैदूकडे दर बाजारच्या दिवशी चक्कर मारून ‘या आठवड्यात डोळे पिवळे किती आले?’ एवढंच विचारतात. वैदूचाही मान राहतो, नोंदही मिळते.

सर्पदंश या दिवसांत रोजचाच. विष चढलंय का हे ठरवायला 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त, 20 मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी. गोठलं नसेल तर प्रतिसर्पविष. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि फसगत होते. ही चाचणी घोणस-फुरशाच्या विषाची. मण्यारीच्या दंशात रक्त गोठतं, पापण्या जड होतात. म्हणून नळीबरोबर डोळेही बघत राहायचं.

शुक्रवार : शहापूर, आसनगाव

शहापूरला दिवसभर चर्चा खाली उतरलेल्या रोग्यांची. डोंगरातला माणूस दोन दिवस अंगावर काढतो, मग उपकेंद्र ओलांडून थेट शहापूर, मुरबाड नाहीतर कल्याणच्या खाजगी डॉक्टरकडे जातो. तिथे पी फॉर्म भरला गेलाच तर पत्त्याच्या जागी बऱ्याचदा नातेवाइकाचं किंवा दवाखान्याचंच गाव पडतं. मग डास मारायचं पथक कल्याणच्या गल्लीत धूर करतं आणि पाड्यावरचा रांजण अळ्यांसकट तसाच राहतो. तालुक्यात एका कर्मचाऱ्याने यावर काढलेली युक्ती चांगली आहे. औषध दुकानदारांशी तो ओळख ठेवून आहे. एका वाडीची चार माणसं एकाच दिवशी सलाईन, ओआरएस मागायला आली की दुकानदाराचा फोन येतो. त्या फोनला कुठलाही फॉर्म क्रमांक नाही, पण अनेकदा तो संगणकाच्या आधी येतो.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात पाड्याचा ताप खाली येतो, कारण माणसंच नसतात, पण लोकसंख्येचा भागाकार तोच राहतो आणि टक्केवारी उगाच सुंदर दिसते. भट्टीवरचा ताप तिथल्या उपकेंद्राच्या यादीत नाही, कारण ती माणसं त्या गावची नाहीत. शहापूरच्या एका उपकेंद्रात सिस्टर दसऱ्यापासूनच वही घालतात : कुटुंबप्रमुख, मुकादम, भट्टीचं गाव, फोन, पोटुशी बाई आहे का, कुठल्या पोराचा कुठला डोस राहिलाय, चौदा दिवसांच्या गोळ्या कुणाच्या अर्ध्यावर आहेत. मुकादमाचा नंबर सगळ्यात महत्त्वाचा, कारण घरच्यांचे फोन डिसेंबरपर्यंत बंद पडतात. वही भरली की तिची एक प्रत त्या भट्टीच्या हद्दीतल्या सिस्टरला जाते.

संध्याकाळी आसनगावहून लोकल. शहापूर एसटी स्टँड ते आसनगाव स्टेशन शेअर रिक्षा मिळतात. कसाऱ्याकडच्या गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं, तेव्हा वेळापत्रक आधी बघून ठेवा. एवढ्यात कुणी तिकडे जाणारच असाल तर उपकेंद्रासाठी मिठाई नेऊ नका. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा प्लास्टिक डबा न्या, टीसीएल ठेवायला.